आठ फिल्टर, घरपोच

छप्पन्नाव्या वर्षापर्यंत हनुमंतरावांनी कुणाला काही विकलं नव्हतं. एकदा जुनी सायकल विकायला काढली होती, पण घ्यायला आलेला माणूस इतक्या गरीब चेहऱ्याचा निघाला की सायकल फुकट गेलीच, वर हवा भरायचा पंपही गेला. नगरपालिकेत पाणीपट्टीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेला माणूस तो. लोकांकडून घ्यायची सवय, तीही दुसऱ्यासाठी आणि पावती देऊन. अशा माणसानं १९८७ साली कुंभकोणम्‌मध्ये बसून महाराष्ट्रभर व्यापार सुरू करावा, हे मेलकावेरीतल्या त्यांच्या गल्लीला पचायला जड गेलं. खरं सांगायचं तर त्यांनाही गेलं.

सगळा दोष जानकीरामचा. जानकीराम म्हणजे हनुमंतरावांच्या बायकोचा, पंकजाबाईंचा, धाकटा भाऊ. तो पुण्यात नोकरीला. जाताना त्यानं बहिणीकडून एक पितळी कॉफी फिल्टर नेला. हे दुमजली भांडं असतं. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड घालून वर उकळतं पाणी ओतायचं, आणि मग खालच्या मजल्यात थेंब थेंब उतरणाऱ्या अर्काची वाट पाहत पेपर वाचायचा. पुण्यात म्हणे ज्यानं त्यानं त्या फिल्टरचं कौतुक केलं. जानकीरामची एका मासिकाच्या कचेरीत ओळख होती. त्यानं पत्र टाकून मेहुण्याला किंमत विचारली आणि उत्तर आल्याबरोबर जाहिरात छापून मोकळा झाला: ‘कुंभकोणम्‌चा अस्सल पितळी कॉफी फिल्टर. तंजावरी मराठी घराकडून थेट आपल्या घरी. एका महिन्याच्या आत घरपोच. पार्सलखर्च वेगळा नाही.’ खाली हनुमंतरावांचं नाव आणि पत्ता, दाराच्या नंबरासकट.

पार्सलखर्च वेगळा नाही, हे वाक्य हनुमंतरावांच्या भरवशावरच छापलं होतं. त्यांनी फिल्टर वाण्याच्या काट्यावर तोलला, आठशे चाळीस ग्रॅम भरला. पोस्टात पार्सलाला अर्ध्या किलोला एक टप्पा, म्हणजे दोन टप्प्यांत काम भागतं, हे पोस्टमनला विचारून घेतलं आणि तेवढी रक्कम किमतीत मिळवली. तीस वर्षं पाणीपट्टीची आकडेमोड केलेल्या माणसाच्या हिशेबात चूक नव्हती. चूक होणार होती ती घरात.

आठवड्याभरात आठ मनीऑर्डरी आल्या. पुण्याच्या दोन, सोलापूर, सातारा, मिरज, अकोला, नागपूर आणि अलिबागची एकेक. पोस्टमननं त्या देता देता गल्लीत बातमीही वाटली. हनुमंतराव पहिले दोन दिवस ताठ मानेनं हिंडले. तिसऱ्या दिवशी जानकीरामचं पत्र आलं, की सगळं वेळेत पाठवा बरं का, या मासिकात शेवटच्या पानावर वाचकांच्या तक्रारी नावानिशी छापतात. ते वाचलं आणि हनुमंतरावांची अन्नावरची वासना उडाली. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलं नाही अशा आठ घरांनी छापलेल्या चार ओळींवर पैसे पाठवले होते. महिना उलटला आणि फिल्टर पोचला नाही, तर त्या आठ घरांत तंजावरी मराठी माणूस म्हणजे चोर, असं कायमचं ठरणार होतं. वरच्या साहेबाच्या रागाला ते कधी घाबरले नाहीत, पण या विचारानं त्यांना खरोखर घाम फुटला.

त्यांनी भांड्यांच्या बाजारातून आठ फिल्टर आणले. पंकजाबाईंनी ते चिंचेनं घासून लखलखीत केले आणि ओळीनं मांडले. मग आतून एक डबा आणला आणि प्रत्येक फिल्टरमध्ये पिवळ्या भुकटीची एकेक पुडी ठेवायला लागल्या.

“हें काय?” हनुमंतरावांनी विचारलं.

“मेतकूट.”

“त्यांनीं फिल्टर मागितला आहे, पंकजा.”

“मागितला असेल. म्हणून भांडें रिकामें धाडायचें?” पंकजाबाईंचा हात थांबला नाही. “शेजारच्या सुंदरेशमामांची वाटी परत जाते तर चार दाणे साखर घालून जाते. हें तर परगांवीं जातें आहे.”

“हा व्यापार आहे.”

“व्यापार तुमचा. भांडें माझ्या घरांतून जातें.” मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “आम्हांस इकडे येऊन तीनशें वर्षें होत आलीं. तिकडच्या माणसांनीं आजवर आपल्यापाशीं कधीं कांहीं मागितलें नाहीं. पहिल्यांदा मागितलें, आणि त्यांस रिकामें भांडें देऊं?”

हनुमंतराव उरलेल्या पुड्यांसाठी वर्तमानपत्र फाडायला बसले. घरातली त्यांची मराठी अशी जुन्या वळणाची. जानकीराम पुण्याला गेल्यापासून तिला हसतो. पण ती उंबऱ्याच्या आतली. उंबरा ओलांडला की हे घर तमिळ बोलतं, आणि इतकं बेमालूम बोलतं की समोरच्याला शंका येऊ नये. तेव्हा यापुढे बाहेरची माणसं जे बोलतील ते तमिळमध्ये बोलताहेत असं धरा. मी आपला मराठीत सांगतो आहे.

सुंदरेश अय्यर हे शेजारी. रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस, त्यामुळे जगात जी वस्तू हलते तिच्याबद्दल बोलायचा अधिकार आपलाच, अशी त्यांची समजूत होती. ते आले, फिल्टर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “असाच पाठवणार? पितळ चेपतं. माझ्या मेहुण्यानं मदुरैहून पाण्याचा कूजा मागवला होता. आला तेव्हा ताट झालं होतं.”

“मग?”

“लाकडी पेटी. फणसाच्या लाकडाची. दुसरं लाकूड मी सुचवणार नाही.”

हनुमंतरावांनी सुताराला बोलावलं. सुतारानं आठ पेट्या केल्या, आणि सुंदरेशमामा जवळ बसून देखरेख करत असल्यामुळे अशा केल्या की फिल्टर विकण्यापेक्षा पेट्या विकाव्यात असं कुणालाही वाटावं. वरून पांढरं कापड शिवलं, लाख लावली. पहिलं पार्सल काखेत मारून हनुमंतराव पोस्टात गेले.

पार्सलाच्या खिडकीवर पस्तिशीतला एक कारकून होता. टेबलावर पाटी: आर. चंद्रमौली. त्यानं पार्सल काट्यावर ठेवलं.

“दीड किलो आणि वर दहा ग्रॅम. चार टप्पे.”

“दहा ग्रॅमसाठी एक टप्पा?”

“दहा ग्रॅम असो की चारशे. टप्पा तो टप्पा.”

आता, पाणीपट्टीत कुणाला दहा पैसे कधी न सोडलेल्या हनुमंतरावांनी त्या खिडकीवर माणुसकी, वडीलधाऱ्यांचा मान आणि सरकारी नोकराचं कर्तव्य या विषयांवर जे भाषण केलं, ते त्यांच्याच टेबलासमोर कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला शिपायाकरवी बाहेर काढलं असतं. चंद्रमौलीनं ते शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाला, “पुढचे कोण?”

आठ पार्सलांचे चार चार टप्पे भरायचे तर पंकजाबाईंचा महिन्याचा किराणा त्यात गेला असता. हनुमंतराव घरी आले आणि त्यांनी नाक मुठीत धरून विनंती केली, की प्रत्येक पुडीतून एक चमचा मेतकूट काढ.

“मूठ दिली आहे,” पंकजाबाई म्हणाल्या. “मूठ काय मोजून कमी करितात?”

मग सुताराला परत बोलावून पेट्या तासून घेतल्या. दहाच्या जागी वीस ग्रॅम गेले, टप्पे तीन झाले, तरी खिशाला एका टप्प्याचा भुर्दंड उरलाच. दुसऱ्यांदा पोस्टात वाद झाला. या वेळी चंद्रमौलीनं विचारलं, “पार्सलात काय आहे?” हनुमंतरावांनी अर्जावर लिहिलं होतं, पितळी फिल्टर, नग एक. “आणखी काही?” “काही नाही,” ते म्हणाले. सरकारी कागदावर केलेलं आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही मेतकुटापायी. चंद्रमौलीनं पार्सल कानाशी धरून हलवलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पार्सल घेऊन तसेच माघारी आले. दहा दिवस गेले होते.

सुंदरेशमामांना हे ऐकून आनंदच झाला. “पोस्टात कशाला गेलात? रेल्वे कशाला आहे?” म्हणून ते स्वतः हनुमंतरावांना स्टेशनात पार्सल कचेरीत घेऊन गेले. तिथल्या माणसानं पत्ते वाचले. आठ पार्सलं, सात गावं, वाटेत मीटर गेजवरून ब्रॉड गेजवर चढवायचं, आणि पार्सल मिळणार ते स्टेशनात. अकोल्याच्या बाईंनी ते पावती घेऊन येऊन सोडवायचं.

“पण मी घरपोच छापलंय,” हनुमंतराव म्हणाले.

“मग घरापर्यंत रूळ टाका,” तो म्हणाला. सुंदरेशमामांना त्याचा तो विनोद फारच आवडला, आणि त्या दिवशी हनुमंतराव त्यांच्याशी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

लॉरीवाला एक होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, की माल किती टन. यांनी आठ फिल्टर सांगितल्यावर त्यानं चहा मागवला, म्हणजे माणूस सज्जन होता, पण पुण्याकडे गाडी भरून निघायला पोंगल म्हणजे संक्रांत उजाडणार होती.

राहता राहिला माणसांबरोबर पाठवायचा मार्ग. सुंदरेशमामांच्या नात्यातलं एक वऱ्हाड मुंबईला निघालं होतं. अलिबाग काय, मुंबईच्या समोरच आहे, असं मामांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि नमुन्यादाखल एक फिल्टर पेटीशिवाय, पिशवीत घालून वऱ्हाडाच्या हवाली केला. वऱ्हाड वाटेत पापनाशम्‌ला नवरीच्या काकांकडे एक रात्र उतरलं. तिथं चाळीस माणसांची कॉफी करायची होती आणि काकूंना एक फिल्टर कमी पडला. पुढे वऱ्हाड मुंबईला गेलं, फिल्टर काकूंच्या ओट्यावरच राहिला. पाचव्या दिवशी तो बसनं परत आला. आत भोकाभोकांत कॉफी बसलेली, आणि सोबत चिठ्ठी, की फिल्टर उत्तम आहे, आतली पूडही भाताबरोबर छान लागली.

हनुमंतरावांना वाटलं, आता पंकजा फिल्टर जुना झाला म्हणून चिडेल. पण पंकजाबाईंनी फिल्टरच्या आत डोकावून पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

“रिकामाच धाडला कीं हो,” त्या म्हणाल्या.

अलिबागसाठी नवा फिल्टर आणावा लागला. महिन्यातले एकवीस दिवस संपले होते, आणि पार्सलाला वाटेत आठवडा तरी लागणार हे पोस्टमननं बजावून ठेवलं होतं. हनुमंतरावांनी त्या संध्याकाळी आठ मनीऑर्डरींची फाडलेली कुपनं पुढ्यात मांडली. साताऱ्याच्या माणसानं कुपनावर थोडक्यात लिहिलं होतं, ‘आपल्यावर विश्वास आहे.’ हनुमंतरावांनी ठरवलं, पगारातून जाऊ दे काय जायचं ते. उद्या तीन तीन टप्पे भरून सगळी पाठवायची, महिनाभर ताक-भातावर राहायचं आणि गल्लीत पथ्य आहे म्हणून सांगायचं.

“उद्यां मी येतें,” पंकजाबाई म्हणाल्या.

“तूं काय करणार तिथें?”

“बघतें कीं, कोण आहे तो टप्पेवाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोरिक्षात आठ पेट्या, मधे पंकजाबाई आणि ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर हनुमंतराव, अशी स्वारी पोस्टात आली. रांग लांब होती. चंद्रमौलीनं पेट्या पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला. पहिलं पार्सल त्यानं उचललं आणि सवयीनं हलवलं.

आता पेट्या तासून पातळ झालेल्या, फळ्या सुटत आलेल्या. आतल्या पुड्या वर्तमानपत्राच्या, आणि फिल्टरला तर भोकं असतातच. शिवणीतून पिवळी धूळ भुरभुर काट्यावर पडली. थोडी चंद्रमौलीच्या बाहीवर पडली. मागच्या गृहस्थाला शिंक आली.

“हे काय आहे?” चंद्रमौलीनं विचारलं. “अर्जावर फिल्टर एवढंच लिहिलंय.”

हनुमंतरावांनी घाईनं काट्यावरची धूळ फुंकली. तीस वर्षांत त्यांनी अशी कितीतरी माणसं पकडली होती, पण पकडलं गेल्यावर उभं कसं राहायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. पंकजाबाई पदर खोचून पुढे सरकल्या. पण त्या काही बोलायच्या आत चंद्रमौलीनं बाहीवरची पूड बोटावर घेतली, नाकाशी नेली आणि क्षणभर डोळे मिटले. मग रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, खिडकीतून वाकून तो मराठीत म्हणाला:

“मेथी जरा जास्त भाजली आहे कां?”

“जास्त नाहीं,” पंकजाबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. “आमचे घरीं अशीच भाजतात.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पोस्टात उभ्या आहोत आणि समोरचा माणूस काय बोलला.

“तुम्ही आपल्यांतले?”

“पापनाशम्‌चे. आमची आई मेथी कमी घालते, सुंठ थोडी चढ.”

हनुमंतराव दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. दोन वेळा या माणसाशी ते तमिळमध्ये भांडले होते, तेही ठेवणीतल्या, पुस्तकी तमिळमध्ये, आपण परके वाटू नये म्हणून. आणि त्यानंही तसल्याच तमिळमध्ये उत्तरं दिली होती.

“अर्जावर राव वाचलें,” चंद्रमौली ओशाळून म्हणाला. “तेलुगू असाल असें वाटलें.”

“आणि आर. चंद्रमौली म्हटल्यावर मज वाटलें अय्यर,” हनुमंतराव म्हणाले.

मागच्या गृहस्थानं विचारलं, की आज टपाल निघणार आहे की नाही. चंद्रमौली एकदम कारकून झाला. “वजन मात्र जितकें आहे तितकेंच,” तो म्हणाला. “तें मी कमी करूं शकत नाहीं.”

“कमी करा म्हणतें कोण?” पंकजाबाई म्हणाल्या. “एवढेंच सांगा, माझ्या जागीं तुमची आई असती तर परगांवीं रिकामें भांडें धाडती काय?”

चंद्रमौलीनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं पेटी उलटी केली, तिच्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “ही कशास?”

“पितळ चेपतें,” हनुमंतराव म्हणाले.

“रिकामें असेल तर चेपेल. मेतकूट ठासून भरल्यावर कसें चेपेल?”

हनुमंतरावांनी पेटी हातात घेऊन उलटीपालटी केली. तीन आठवड्यांत सुतार, रेल्वे, लॉरी आणि अख्खं वऱ्हाड झालं होतं, पण ही पेटी काढून टाकावी हे त्यांना सुचलं नव्हतं, कारण ती सुंदरेशमामांनी सुचवली होती आणि मामा तीस वर्षं रेल्वेत होते. चंद्रमौलीनं चहाची सुट्टी घेतली. पोस्टाच्या व्हरांड्यात बसून तिघांनी आठही पेट्या फोडल्या. पंकजाबाईंनी समोरच्या दुकानातून प्लास्टिकच्या पिशव्या आणवून मेतकूट त्यांत घट्ट बांधलं आणि फिल्टरच्या पोटात बसवलं. मोकळ्या झालेल्या कापडाचे दोन पदर करून हनुमंतरावांनी टाके घातले. टाके इतके वाकडे आले की चंद्रमौलीनं त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

काट्यावर पहिलं पार्सल नऊशे सत्तर ग्रॅम भरलं. दोन टप्पे. हनुमंतरावांनी मूळ केलेला हिशेब पैशापर्यंत बरोबर निघाला, आणि हे त्यांनी त्या दोघांना दोनदा सांगितलं. मग त्यांनी आठ नवे अर्ज भरले आणि प्रत्येकावर लिहिलं: पितळी फिल्टर, नग एक, मेतकूट, मूठ एक. चंद्रमौलीनं ‘मूठ’ खोडून ‘शंभर ग्रॅम’ केलं, पण ते त्याला लिहावंच लागत होतं.

सुंदरेशमामांना पेट्या उघड्या परत आलेल्या पाहून वाईट वाटलं. पण त्या त्यांनी सगळ्या मागून घेतल्या आणि गच्चीवर त्यांत कोथिंबीर लावली. ती बरी आली.

मग वाट पाहण्याचे दिवस. हनुमंतराव कचेरीतून दुपारी घरी यायला लागले, आणि पोस्टमन दिसला की जानवं चाचपायला लागले. घेणाऱ्याची सही आणि तारीख असलेल्या पोचपावत्या येत गेल्या. पुण्याच्या दोन एकाच दिवशी, मग मिरज, सोलापूर, सातारा. अकोल्याच्या पावतीवर तारीख अठ्ठाविसाव्या दिवसाची. नागपूर, अलिबागच्या पावत्यांवर एकोणतिसाव्या. आठवी सही पाहिली तेव्हा हनुमंतरावांनी ओटीवर बसून आठही पावत्या पुन्हा एकदा मोजल्या. त्यांना इतकं हलकं नोकरी कायम झाल्यावरही वाटलं नव्हतं.

त्यानंतर पत्रं आली. सोलापूरच्या पत्रात होतं: ‘फिल्टर मिळाला. देखणा आहे. आमच्याकडे चहाच होतो, त्यामुळे कपाटात काचेमागे ठेवला आहे. आतलं मेतकूट मात्र तीन दिवसांत संपलं. त्याचा जाहिरातीत उल्लेख नव्हता. पुन्हा पाठवता येईल का? भांडं नसलं तरी चालेल.’ मिरजेचंही तेच. सातारकरांनी दोन किलो मागितलं होतं. आठांतल्या पाच घरांनी मेतकूट मागितलं. दुसरा फिल्टर कुणीच मागितला नाही.

हनुमंतरावांना ते लागलं. व्यापार त्यांचा, नाव त्यांचं, आणि कौतुक कशाचं, तर ज्याच्या दहा ग्रॅमपायी ते पोस्टात चोर ठरता ठरता वाचले त्याचं. दोन दिवस ते कॉफी पिताना फिल्टरकडे सहानुभूतीनं पाहत होते.

अकोल्याचं पत्र तेवढं निराळं होतं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की सासूबाई ऐंशीच्या आहेत, हल्ली फारशा जेवत नाहीत. त्यांनी हे मेतकूट गरम भातावर तूप घालून घेतलं आणि म्हणाल्या, ही माझ्या आजीच्या घरची चव, इतकी वर्षं कुठं होती. पंकजाबाईंनी ते पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

“ऐकिलेंत कां?” त्या म्हणाल्या. “कुठें होती म्हणून विचारितात. इथेंच होती कीं.” आणि डोळे पुसून मेथी भाजायला आत गेल्या.

हनुमंतरावांनी पत्र घडी घालून ठेवलं. मग त्यांनी सुई-दोरा घेतला आणि कापडाच्या लहान पिशव्या शिवायला घेतल्या. या वेळी टाके बरे आले.

सोमवारी ते पोस्टात गेले. रांग नेहमीसारखीच होती. पुढे कॉलेजची दोन मुलं, मागे एक वकील, त्यामागे भांड्यांच्या बाजारातला ओळखीचा दुकानदार. खिडकीवर चंद्रमौलीनं, रांगेदेखत बोलायचं ते नेहमीच्या तमिळमध्ये विचारलं, “पार्सलात काय?”

हनुमंतरावांनी छप्पन्न वर्षांत उंबऱ्याबाहेर कुणादेखत मराठीचा मोठ्यानं उच्चार केला नव्हता.

“मेतकूट,” ते सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाले. “आमचे घरचें. अकोल्यास जातें आहे.”

वकिलानं वळून पाहिलं. चंद्रमौलीनं एकदा रांगेकडे पाहिलं, पिशवी काट्यावर ठेवली आणि तितक्याच मोठ्यानं, मराठीतच म्हणाला, “चारशें वीस. एकच टप्पा, राव.”